वाळलेल्या झाडांचं कपाट

मी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाचं जुनं लाकडी कपाट बोलतोय. फार वेळ नाही घेणार. बोलण्याचाही आता शीण होतो.

माझ्या पोटात हजारो वाळलेली झाडं आहेत, जाड कागदांवर चिकटवलेली, खाली नाव घातलेली. झाड ओळखायचं, त्याचं कूळ लावायचं, ही विद्या इथे शिकवत. मला बनवून घेतलं हा विभाग उभा करणाऱ्या थोरल्या सरांनी. तेव्हा काय रुबाब होता आमचा! पोरं डोंगरातून चिखलाच्या बुटांनी यायची, माझे खण भरायची, एवढ्याशा फुलावरून तावातावाने भांडायची. सरांचा चहा गार होऊन जाई.

मग समोरच्या इमारतीत जनुकांची प्रयोगशाळा आली. चकचकीत यंत्रं, मोठी अनुदानं. पोरं तिकडे वळली. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. आमचे एकेक अध्यापक निवृत्त झाले, जागा रिकाम्याच राहिल्या. शेवटी उरल्या थोरल्या सरांच्या हाताखाली शिकलेल्या बाई आणि बाईंची एकुलती एक विद्यार्थिनी.

पोरगी जात्याच हुशार. पान चुरगळून नुसत्या वासावरून कूळ सांगायची. एका दुपारी माझ्या दाराला टेकून म्हणाली, "बाई, समोरच्या सरांनी संशोधनाला बोलावलंय. मी नाही म्हणून आले."

खण लावता लावता बाईंचा हात थांबला. "का गं?"

"मी गेले तर विभाग बंद पडेल."

"तो तसाही पडणार. माझ्यामागे कुणाला नेमणार नाहीत, कालच कळलं."

"पण मला हेच आवडतं ना!"

"मलाही आवडलं होतं. माझं निभलं, तेव्हा नोकऱ्या होत्या. तुला कशाच्या जिवावर थांबवून घेऊ? जा, आजच हो म्हण."

पोरगी रडली, रागावली आणि गेली. बाई माझ्या दाराला कपाळ टेकून कितीतरी वेळ उभ्या होत्या. थोरल्या सरांनी मात्र तिला जाऊ दिलं नसतं.

पुढे बाई निवृत्त झाल्या. खोलीत समोरच्या प्रयोगशाळेचे संगणक आले, मी जिन्याखाली. खणांतल्या कागदांना कसर लागली आहे. ती पोरगी कधीतरी घाईघाईने जिना चढते. तिने थांबावं, असं मीही म्हणत नाही.

एवढंच सांगणं आहे: मला मोडीत काढाल तेव्हा आधी पोट रिकामं करा, हलक्या हाताने. त्यातली कित्येक झाडं आता डोंगरावर उरलेली नाहीत.