वाढीचे पेढे

यादवने पेढ्यांचा पुडा सोडून गायधनी वकिलांच्या टेबलावर ठेवला, दोन पावलं मागे सरला आणि वाकून नमस्कार केला. वकिलांनी हातातला कागद बाजूला केला. गोड समोर आलं की त्यांना कोर्टाची वेळही आठवत नसे.

“कसले रे पेढे? मुलगा झाला की काय?”

“नाही साहेब. वाढ दिलीत म्हणून.”

“वाढ? कोणाला?”

“मला. दोन रुपये.”

वकिलांनी उचललेला पेढा पुन्हा पुड्यात ठेवला.

“अरे, तू उमेदवार. वर्षभर काम शिकायचं, जमलं तर मग पगाराचं बघायचं. मीही असाच शिकलो. तुला मी आजवर छदाम दिलेला नाही, मग वाढ कशावर देऊ?”

यादवच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब थट्टा करताहेत असं वाटून तो थोडा हसलाही, पण त्या हसण्याला साथ मिळाली नाही.

तीन महिने झाले होते त्याला इथे येऊन. दर पहिल्या तारखेला बद्रुद्दीन मुन्शी बाहेरच्या खोलीत त्याच्या हातावर बारा रुपये ठेवत आणि सांगत, “यादव बेटा, साहेबांपुढे पैशाचा विषय काढायचा नाही. त्यांना खपत नाही.” मुन्शी इथले जुने कारकून. त्यांनीच त्याला ठेवून घेतलं होतं, म्हणून यादव त्यांचा शब्द खाली पडू देत नसे. तरी बसायची चटई ऊब धरते न धरते तोच पठ्ठ्याने त्यांच्याकडे वाढ मागितली. पंचवटीत एक खोली मिळत होती. चंद्रभागा लग्नापासून माहेरी पडून होती आणि सासरा आता टोचून बोलायला लागला होता. मुन्शी “शब्द टाकून बघतो,” एवढंच म्हणाले, आणि या पहिल्या तारखेला बाराचे चौदा झाले. यादवने त्याच दिवशी खोली धरली. चंद्रभागा गुरुवारी यायची होती.

त्याचे वडील इगतपुरीला रेल्वेत सांधेवाले. वाढ मिळाली की साहेबाचं तोंड गोड केल्याशिवाय घरात नवा पैसा खर्चायचा नाही, ही त्यांची रीत. पैशाचा विषय काढायचा नाही हे यादवला पक्कं ठाऊक होतं. पण पेढ्यांना कोणी पैशाचा विषय म्हणतं का?

“पैसे कोण देतं तुला?” वकिलांनी विचारलं.

“मुन्शीजी.”

शब्द निघून गेला आणि मग त्याला तो ऐकू आला.

“बद्रुद्दीन? त्याला मी तीस देतो. त्यातले चौदा तुला देऊन तो खाणार काय, धूळ?” वकिलांचा आवाज खाली आला. “म्हणजे माझ्या अशिलांना बाहेरच्या बाहेर पिळतोय तो. आणि मी सकाळपासून त्याचं कौतुक करतोय.”

त्यांनी मघाचा कागद यादवपुढे धरला.

“हे बघ. गेल्या वर्षी याच्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. काढूनच टाकणार होतो. आणि आता साठी उलटल्यावर हे अक्षर!”

अक्षर यादवचं होतं. मंगळवारी बसून त्यानेच ती नक्कल केली होती. “माझं काम तू कर, हात बसेल तुझा,” असं मुन्शी म्हणायचे. रोज कागद नाकाला टेकवून बघायचे आणि चष्मा घरी राहिला म्हणायचे. त्यांच्या नाकावर चष्मा यादवने एकदाही पाहिला नव्हता, आणि त्यात काही विचारण्यासारखं आहे असंही त्याला वाटलं नव्हतं. मुन्शींना दिसत नव्हतं, आणि चौदा रुपये त्यांच्याच तिसांतून येत होते; आता एकदम सगळं लख्ख झालं.

हे अक्षर माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं. मुन्शींवरचा चोरीचा आळ त्याच क्षणी गेला असता. त्यांची नोकरीही गेली असती, आणि तीस रुपये यादवचे झाले असते.

“बद्रुद्दीन!” वकिलांनी हाक मारली.

मुन्शी आले. चौकट हाताने चाचपून ते दारातच उभे राहिले. त्यांनी किती ऐकलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

“साहेब,” यादव घाईने म्हणाला, “आत्ता माझ्या ध्यानात आलं. हे आमच्या वडिलांचं काम. पगार नाही म्हटलं तर मी चार दिवसांत घरी पळून येईन, हे त्यांना ठाऊक. म्हणून ते मुन्शीजींकडे पैसे पाठवत असणार आणि पगार म्हणून मला द्यायला सांगत असणार.”

“खरं का रे हे, बद्रुद्दीन?”

मुन्शी पाच वेळा नमाज पढणारे. बोलायला त्यांना फार वेळ लागला.

“जी, साहेब.”

वकील खदखदून हसले. त्यांनी पेढा उचलून तोंडात टाकला, मग दुसरा. “तुझ्या बापाला सांग, रूळ कसले सांधतोस, वकिली करायला हवी होतीस. जा आता, कामाला लागा.”

बाहेरच्या खोलीत येऊन यादव चटईवर बसला. आत कुठेतरी त्याला बरं वाटत होतं, आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मोठं केल्यासारखं. मुन्शी आता पाठीवर हात ठेवतील, ‘बेटा’ म्हणतील. मग आपण म्हणायचं, मुन्शीजी, बाराच द्या. खोली सोडून देऊ. चंद्रभागेला काय ते सांगू.

मुन्शींनी आतल्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं. ते त्याच्यासमोर येऊन बसले, नेहमीपेक्षा जरा लांब. दौत त्यांनी दोन्ही हातांनी त्याच्याकडे सरकवली.

“यादवराव,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “सोळा देतो. त्याच्या वर हवे असतील, तर मला घरी विचारावं लागेल.”