फोनवर ऐकवलेलं इंजिन

सांगतो, पण तुमचा कुणाचा विश्वास बसायचा नाही. भोक पडलेल्या ब्लॉकचं इंजिन मी नऊ हजार आरपीएमला फिरवलंय! वहिनी तिकडे शेंगा सोलतायत, त्यांना विचारा. नको, विचारू नका. आधी ऐका.

इंजिन माझ्या दादाचं. शर्यतीच्या गाडीसाठी तीन वर्षं खपून त्यानं ते बांधलं होतं. शेवटच्या शर्यतीत कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकला मुठीएवढं भोक पाडून बाहेर आला. महिन्याभरात दादानंही अंथरूण धरलं. मी दवाखान्यात गेलो की त्याचं एकच पालुपद : "एकदा माझ्या इंजिनाचा आवाज ऐकव रे." डॉक्टर म्हणाले, आठवडा निघाला तरी खूप.

आता करायचं काय? नवा ब्लॉक मागवला तर काम पक्कं, पण यायला महिना. जुन्यालाच वेल्डिंग करून आत स्लीव्ह, म्हणजे पिस्टनभोवतीची नवी नळी, ठोकलं तर चार-पाच दिवस. पण ब्लॉक बिडाचा, ओतीव लोखंडाचा; त्याचा काय भरवसा! बीड महामानी. वेल्डिंगनंतर राखेत पुरून दोन दिवस निवू द्यायचं. घाई केली की तडकलंच. शेवटी दादालाच विचारलं.

"जुनाच घे," तो म्हणाला. "नवा काय, मी गेल्यावरही येईल."

वेल्डिंग केलं, ब्लॉक राखेत पुरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनींचा फोन, "भाऊजी, काय करायचं ते आजच करा."

राखेत एकच रात्र झाली होती. तरी काढला. हाताला चटका बसत होता, पण ब्लॉकवर रेघ म्हणून नाही! बिडालाही माणूस कळतो, बाबांनो. संध्याकाळपर्यंत स्लीव्ह, पिस्टन, सगळं बसवलं. दवाखान्यात वहिनींना फोन लावला, तो शेजारी ठेवून स्टार्टर मारला आणि असं गरजलं, असं गरजलं, की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती तिसऱ्या दिवशी परतली, तीही लग्न करून! पाच हजार, सात हजार, नऊ... आणि तिकडे दादा हसत हसत...

"खोटं, भाऊजी." वहिनींचे हात थांबले होते. "फोन यांच्या कानाशी मीच धरला होता. स्टार्टर दोनदा नुसता खरखरला. मग तुम्ही तोंडानंच आवाज काढत बसलात. मधेच तुम्हाला ठसका लागला. मी फोन ठेवायला गेले, तर हे म्हणाले, 'राहू दे. धाकट्याला वाजवू दे.'"