मेन पाडला होता

"बाबा, ओढू नका! हात काढा आधी!"

सून एवढ्या जोरात ओरडली, की दवाखान्याच्या गच्चीवर वाकलेल्या मिस्त्रींची बोटं आपोआप सैल झाली. सोलरचं एक पॅनेल तडकलं होतं. ते बदलायला मिस्त्री त्याची जोडणी उपसायच्या बेतात होते.

"अगं, खाली मेन स्विच पाडून आलोय मी," ते वैतागले. "जन्म गेला या धंद्यात."

जन्म गेला होता, हे खरंच होतं. घरांचं वायरिंग, पंखे, मोटारी, सगळं करून झालं होतं. मेन पाडला की विषय संपला, हा त्यांचा हिशेब आजवर चुकला नव्हता. सोलर मात्र नवं. सुनेनं त्याचा कोर्स केला, तेव्हा "कर हो, तेवढीच हौस" म्हणून त्यांनी तिची थट्टाही केली होती.

सुनेनं मीटरचा चिमटा वायरीला लावला.

"नऊ अँपिअर. मेन पडला तरी पॅनेलं बॅटरी भरतायत, बाबा. दोनशे व्होल्ट गुणिले नऊ, अठराशे वॅट. दोन इस्त्र्यांची ताकद तुमच्या बोटांपाशी जळली असती."

"एक ठिणगी पडली असती फार तर. ठिणग्या काय कमी पाहिल्यात मी?"

"त्या एसीच्या, घरातल्या विजेच्या. एसीत करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. सोलरची वीज डीसी, तिच्यात तो शून्यावर येतच नाही. नुसता जाळ झाला असता."

मिस्त्रींनी मीटर पाहिला, मग स्वतःचे हात. याच हातांवर घर उभं राहिलं होतं. रोज सकाळी नातीची वेणीही हेच हात घालत.

सुनेनं पॅनेलांचा डीसी स्विच बंद केला. मीटरवरचा करंट शून्यावर आला.

"व्होल्टेज आहे अजून, ऊन आहे तोवर राहणारच. टोकांना बोट लावू नका. पण आता वाहत काही नाही. ओढा."

मिस्त्रींनी ओढलं. टक्‌ असा बारीक आवाज झाला, बाकी काही नाही.

"वाचवलंस गं पोरी," ते म्हणाले. डोळे भरून आले होते, ते लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

नवं पॅनेल बसवून दोघं खाली आली, तर नर्सबाई दारातच उभ्या. लशींच्या फ्रीजचा त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

"काय मिस्त्री, झालं का? फ्रीज बंद नाही ना पडणार?"

मिस्त्री एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी सुनेकडे हात केला.

"मिस्त्री ह्या. ह्यांना विचारा."