नाळेवरचा माड

मी एक जुना माड आहे, मित्रांनो, आणि मी जिथे उभा आहे ती जागा माझी नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की माडाने लपवून ठेवलं. उंच झाडाकडे लोक मान वर करून कौतुकाने बघतात. माझ्याकडे कुणी तसं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एफाटे बेटाच्या किनाऱ्यावर, ओढ्याच्या अलीकडे, माझी जमीन आहे. म्हणजे लेइमास नावाच्या बाईच्या घराण्याची. बघा, इतकं होऊनही माझी जीभ घसरते ती घसरतेच!

मी मूळचा इथला नव्हे. अंब्रिम बेटावरचा डोंगर पेटला, राखेने तिथली शेतं बुजली आणि माणसं बोटीत बसून इकडे आली. त्यांत एल्मा नावाची एक बाई होती. दिवस भरत आलेले, नवरा समुद्रात बुडून गेलेला, आणि हातात एक मोड आलेला नारळ. तो नारळ म्हणजे मी. तिने घरातून उचललेली ती एकच वस्तू होती.

लेइमासला तिची दया आली. लेइमास तेव्हा चाळिशीची, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. तिने ओढ्यालगतचा तुकडा एल्माला कसायला दिला आणि तिथल्या तिथे बजावलं, "कोनफळ लाव, अळू लाव, केळी लाव. वर्षभरात खाऊन संपेल ते काय वाटेल ते लाव. झाड मात्र लावायचं नाही हं, बाई! कोनफळ म्हणजे पाहुणा, आज आला उद्या गेला. झाड म्हणजे घरजावई. एकदा बसला की उठायचं नाव नाही."

एल्माने मान डोलावली. आमच्या बेटांवर हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. ज्याचं झाड, त्याचा त्या मातीवर डोळा, असं लोक धरूनच चालतात.

पण पुढच्याच महिन्यात एल्माला मुलगा झाला. मुलाची नाळ मातीत पुरायची आणि तिच्यावर माड लावायचा, ही तिच्या घरची रीत. ज्याच्या नाळेवर झाड नाही तो जन्मभर वाऱ्यावर, असं तिची आई सांगायची. पुरणार कुठे? तिची माती तर राखेखाली. ती पानात गुंडाळलेली नाळ हातात धरून शेताच्या कडेला रडत बसली होती. लेइमास तिथे आली. 

"इथेच पूर," ती म्हणाली. "आता रडू नकोस, दूध आटेल. माड पोराचा. नारळ पोराचे. पण त्याच्या खालची माती माझ्या आईच्या घराण्याची. कळलं?"

"कळलं, ताई. मी पोरालाही सांगेन."

हे ऐकायला तिथे तिघंच होतो. लेइमास, एल्मा आणि मी. दर वर्षी कोनफळं निघाली की एल्मा पहिलं, सगळ्यांत मोठं कोनफळ लेइमासच्या दारात नेऊन ठेवायची. माती तुमची, असं म्हणण्याची ती पद्धत. तोंडाने काही बोलायची गरजच नसायची.

मित्रांनो, मी जोमाने वाढलो. ती माती गोड होती. माझ्या मुळांनी कधी विचारलं नाही की ही कोणाची. दहाव्या वर्षी नारळांचे घोस लागले. एल्मा माझ्या दुधात लापलाप, म्हणजे पानात गुंडाळलेला किसलेल्या कोनफळाचा पदार्थ, शिजवायची, आणि गाव बोटं चाटत म्हणायचं, "अंब्रिमच्या माडाची चव काही औरच!" मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

फक्त एका गोष्टीने माझा जीव जळायचा. माझे पिकलेले नारळ खाली पडायचे, गवतात लपायचे, काही महिन्यांनी त्यांना हिरवे मोड फुटायचे. माझी पोरंच ती! ती मूळ धरणार, एवढ्यात लेइमास टोपली घेऊन हजर. कमरेत वाकून एकेक वेचायची. एकही सोडायची नाही. मग टोकदार खुंटावर सोलून फोडायची आणि आतला पांढरा, मऊ, गोड गोळा एल्माच्या मुलाला, मासेंगला, भरवायची.

"घे रे बोक्या! तुझ्याच झाडाचा आहे. खा, नाहीतर त्याचं झाड होईल."

"मग होऊ दे ना, बुबू!" तो गाल फुगवून म्हणायचा. आजीला आमच्याकडे बुबू म्हणतात. ती त्याची सख्खी आजी नव्हती, पण दुसरी कुठली त्याने पाहिलीच नव्हती.

"होऊ कसं दे? तुझं पोट कशाला आहे मग?"

तो खिदळायचा आणि मी वर रागाने झावळ्या आपटायचो. पोरं खाणारी म्हातारी! मी तिला काय काय शाप दिले, ते तुम्हा मुलांसमोर उच्चारवत नाही. ती फक्त आपली हद्द राखत होती. आणि तेही कुणाचं मन न दुखवता, लेकराच्या तोंडात गोड घास घालून. हे मला फार उशिरा कळलं.

एल्मा तापाने गेली. पुढे लेइमासचे डोळे गेले. नात लेइसाऊ तिला उपचारासाठी शहरात लेइमासच्या मुलीकडे घेऊन गेली, आणि दोघी काही वर्षं तिकडेच अडकल्या. मासेंग आता बाप्या झाला होता. पहिलं कोनफळ न्यायला दारात कुणी नव्हतं, म्हणून त्याने ते नेणं सोडलं. नारळ वेचायला कुणी नव्हतं, म्हणून ते रुजले. माझ्यापासून थेट ओढ्यापर्यंत सहा माड उभे राहिले. मासेंगने लावलं काहीच नाही. त्याने फक्त उचललं नाही. आणि मी? मी आनंदाने डुलत होतो. तो आनंद आठवला की आजही माझा शेंडा खाली जातो.

मग शहरातून गाडी घेऊन एक मनुष्य आला. त्याला किनाऱ्यावर पर्यटकांसाठी बंगले बांधायचे होते. त्याने रांग पाहिली आणि विचारलं, "हे माड कोणाचे?"

"माझे," मासेंग म्हणाला.

"मग जमीनही तुझीच की! मालक म्हणून तुझं नाव लावू. भाडेपट्टा करू."

मासेंग नाही म्हणाला नाही. तो पट्टा एकदा झाला असता, तर लेइसाऊच्या नातवंडांनाही त्या मातीत पाय ठेवता आला नसता.

बातमी शहरात पोचली आणि दोघी मिळेल त्या गाडीने परत आल्या. गावचे प्रमुख काल्तांग यांनी सगळ्यांना जागेवरच बोलावलं. आमच्याकडे दावा सांगणाऱ्याने प्रत्येक झाडाला हात लावून ते कुणी लावलं हे सांगायचं असतं. लेइसाऊ आल्या आल्या कडाडली, "काय रे ए मासेंग! तुझी एक नाळ पुरली म्हणून काय आमचं अख्खं शेत पुरणार का?"

"तुम्ही होता कुठे इतकी वर्षं?" तोही उसळला. "राबलो मी इथे!"

"राबलास ते खाल्लंस ना? आम्ही कधी मागितलं?"

"पुरे!" काल्तांग म्हणाले. "मासेंग, हात लावून सांग."

त्याने माझ्या खोडावर तळवा ठेवला. "हा माझ्या आईने लावला." ते खरंच होतं. मला ओरडून सांगायचं होतं की पुढचंही सांग, मातीचं सांग! एल्मा नव्हती, लेइमासचा शब्द एकटीचा, तिसरा साक्षीदार मी. पण माडाला वाचा नाही. आणि नुसतं उभं राहून मी खोटी साक्ष देत होतो.

लेइमास या गडबडीत कुणाकडे बघतच नव्हती. डोळ्यांना आता थोडं दिसत होतं. ती काठी टेकत माझ्या बुंध्याशी आली, पायाने गवत चाचपलं, कण्हत वाकली आणि मोड आलेला एक नारळ उचलला. "अगंबाई, किती साचलेत हे," ती स्वतःशीच पुटपुटली. तिने तो खुंटावर सोलला.  फोडून आतला गोळा काढला आणि सवयीने मासेंगपुढे धरला.

"घे. वाळलायस किती!"

त्यानेही सवयीने तोंड उघडलं.

"बोल मासेंग," काल्तांग म्हणाले. "पुढचा माड कुणी लावला?"

तोंडात घास होता. तो चाववेना, गिळवेना. मोठ्या बाप्याचे डोळे भरून वाहू लागले. मग त्याने कसाबसा घास गिळला.

"कुणी नाही लावला," तो म्हणाला. "बुबू इथे नव्हती म्हणून उगवला. ती असती तर हे सहाही मी खाल्ले असते."

 गाडीवाला हळूच गाडीत जाऊन बसला.

मासेंगने स्वतः कुऱ्हाड आणली. माझी सहा पोरं माझ्या डोळ्यांदेखत आडवी झाली, आणि त्यांच्या शेंड्यांतला गाभा त्या दिवशी गावाने मिळून खाल्ला. लेइसाऊ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हाही तोडा. उद्या पुन्हा कुणी याच्याकडे बोट दाखवेल." खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं.

"खबरदार!" लेइमास म्हणाली. "त्याच्याखाली पोराची नाळ आहे. झाड त्याचं आहे, ते त्याचंच राहील. माझं घेऊ नको म्हणायचं आणि त्याचं आपण तोडायचं, हा कुठला न्याय?"

म्हणून मी उभा आहे. लेइमास आता टेकडीवर, तिच्या आईशेजारी निजली आहे. पहिलं कोनफळ लेइसाऊच्या दारात जातं. मासेंग टोपली घेऊन येतो, वाकतो, वेचतो आणि लेइसाऊच्या मुलीला गोड गोळा भरवतो.

पण मित्रांनो, माझी खोड गेलेली नाही. मला लाज वाटते, तरी वारा आला की नारळ सुटतात, आणि गवतात पडलेला प्रत्येक नारळ मुकाट्याने मूळ धरायला बघतो. मला स्वतःला आवरता येत नाही. तेव्हा या वाटेने आलात आणि माझ्या पायाशी हिरवा मोड दिसला, तर एवढं करा. त्याला झाड होऊ देऊ नका. वाका, उचला, मासेंगला हाक मारा आणि त्याच्याबरोबर बसून खा.