आठ दिवसांचं लाकडी पिस्तूल

मी एक जुनं पिस्तूल आहे. पण मित्रांनो, मागे सरकू नका. माझ्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही आणि सुटणारही नाही. मी फणसाच्या लाकडाचा आहे. माझी नळी जेमतेम अर्धं बोट आत जाईल एवढीच पोखरलेली आहे. गोळी उडवायला जो तुकडा बोटानं ओढतात त्याला चाप म्हणतात. माझा चापही त्याच लाकडातून कोरलेला आहे. तो हलत नाही.

सौदी अरेबियात कतीफ नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या मासळीबाजारामागे चामड्याचं एक लहान दुकान आहे, तेच माझं घर. दुकान चालवतात जमालुद्दीन. ते मूळचे रत्नागिरीकडचे. तीस वर्षं ते इथे चपला, कमरपट्टे आणि शिकारी ससाण्यांच्या पायातल्या वाद्या शिवतात. इथल्या नागरिकांपैकी कोणी परवाना काढून पिस्तूल घेतलं, तर ते अंगावर बाळगायचा पट्टाही शिवून देतात. जमालुद्दीन स्वतः इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, राहणारे परदेशी. त्यांना पिस्तूल घेता येत नाही आणि त्यांना ते नकोही आहे.

माझा जन्म त्यांच्या बायकोच्या, हाजरांच्या, एका बोलण्यातून झाला. मुलगा शाहिद धाहरानला नोकरीला लागला, मग हाजरा दुपारी दुकानात येऊन बसू लागल्या. त्या दोरा मेणात ओढून द्यायच्या. एकदा एक धिप्पाड गिऱ्हाईक आलं. त्याला पहिल्यांदाच पिस्तूल घ्यायचं होतं. त्यानं फोनवर तीन पिस्तुलांचे फोटो दाखवले आणि विचारलं, ‘‘यातलं कुठलं घेऊ?’’

जमालुद्दीन म्हणाले, ‘‘तुझा देह मोठा, मोठंच घे.’’

गिऱ्हाईक गेल्यावर हाजरा म्हणाल्या, ‘‘शाहिदचे अब्बा, कमाल केलीत. चप्पल घ्यायची तर हाच माणूस दुकानभर चालून बघतो. आणि जीव घेणारी वस्तू फोटो बघून घेणार?’’

‘‘मग काय करू? खरं आणून त्याच्या कमरेला बांधू?’’

‘‘लाकडाचं करा. त्याला म्हणावं, आठ दिवस अंगावर वागव. जेव, झोप, गाडी चालव, पोरांना उचल. मग सांग, पाहिजे का. आणि पाहिजे तर केवढं.’’

त्याच आठवड्यात हाजरांच्या नारळ खवायच्या विळीचा पाट तडकला. गावाहून आणलेला फणसाचा पाट होता. त्यातून जमालुद्दीननी आम्हां तिघांना कोरलं. एक मोठं, एक लहान आणि मधला मी. नुसतं लाकूड हलकं लागतं, म्हणून कोळी जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं त्यांनी आमच्या पोटात बसवली. मग खऱ्या पिस्तुलाइतकं वजन भरलं. वरून चपलेचं काळं पॉलिश चढवलं. दोन हात अंतरावरून कोणालाही आम्ही खरेच वाटायचो. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

मित्रांनो, ती माझी कामाची वर्षं होती. बहुतेकजण आधी मोठ्याला घेऊन जायचे आणि दोन दिवसांत परत यायचे. ‘‘अरे जमाल, बरगडी सोलली माझी!’’ मग ते लहान मागायचे. ते अंगावर जाणवायचं नाही, पण मुठीत धरलं की करंगळी बाहेर लोंबकळायची. ज्यांनी खरी पिस्तुलं चालवली होती ते सांगायचे, लहान पिस्तूल उडताना हाताला जास्त झटका देतं आणि नेम चुकतो. मग शेवटी माझी पाळी यायची.

इथले पुरुष थोब घालतात. तो पायघोळ झगा असतो, त्याला कंबर नसते. म्हणून मला खांद्यावरून पट्टा घालून काखेखाली टांगावं लागे. घरी नमाजाला वाकलं की मी पुढे झुलायचो. गाडीत बसलं की सीटबेल्ट नेमका माझ्यावर यायचा. लेकरू कडेवर घेतलं की त्याचा गुडघा माझ्यावर आपटायचा. हे सगळं फोटोत दिसत नाही.

आठ दिवसांनी माणूस मला परत करायला आला की हाजरा मोडक्यातोडक्या अरबीत एकच प्रश्न विचारायच्या, ‘‘अंगावरून काढलंस तेव्हा कुठे ठेवलंस?’’ जो अडखळला त्याला अजून आठ दिवस! काहींनी नंतर खरं पिस्तूल घेतलं. त्यांना जमालुद्दीन चाप पूर्ण झाकणारा पट्टा शिवून देत, आणि घरात कुलपाची पेटी आहे का ते विचारून घेत. काहीजण मला परत करून गेले ते पुन्हा पट्टा मागायला आलेच नाहीत. हाजरांना ती गिऱ्हाइकं जास्त आवडत.

गेल्या वर्षी हाजरा गेल्या. ताप आला, अकरा दिवस राहिला, आणि त्या गेल्या. डॉक्टरकडे पहिल्याच दिवशी न्यायला हवं होतं, असं जमालुद्दीन एकदा म्हणाले होते. नंतर ते त्याबद्दल बोलले नाहीत, म्हणून मीही जास्त बोलत नाही. घरी एका माणसाचा भात उरायचा, कारण अंदाज दोघांचाच होता. दुकानात ते मान खाली घालून शिवत बसायचे. आम्हां तिघांना त्यांनी खालच्या खणात टाकलं, वर चामड्याचे तुकडे पडत गेले. वर्षभर जो पट्टा मागेल त्याला पट्टा मिळाला. कोणाला काही विचारलं गेलं नाही. अंधारात पडून मला एवढंच वाटायचं, की माझं काम संपलं.

मग या वर्षी अबू जवाद आले. ते जमालुद्दीनचे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर जमालुद्दीनचं इथलं राहणं आणि काम चालतं ते. माणूस चांगला, पण घाईचा. त्यांचा गावाबाहेर खजुराचा मळा आहे आणि मळ्यातच घर आहे. विहिरीवरचा पंप चोरीला गेला होता. तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

‘‘जमाल, परवाना आला. उद्या पिस्तूल घेतोय, मोठं. पट्टा आजच शिवून ठेव.’’

‘‘हो,’’ म्हणून जमालुद्दीननी चामडं टोचायची आरी उचलली. कफीलला नाही कोण म्हणणार?

शेजारचे शिंपी हनीफ तिथेच चहा पीत बसले होते. तेही रत्नागिरीकडचे. ते मराठीत म्हणाले, ‘‘जमालभाय, भाभी असती तर हा पट्टा असा शिवला असतास?’’

‘‘भाभी नाहीये.’’

‘‘म्हणून तर विचारतोय.’’

अबू जवादनी अरबीत विचारलं, ‘‘काय म्हणतोय हा?’’

‘‘चहात साखर कमी आहे म्हणतोय,’’ जमालुद्दीन म्हणाले. पण त्यांचा हात थांबला होता. त्यांनी आरी खाली ठेवली आणि खण ओढला. वर्षानं माझ्यावर उजेड पडला. त्यांनी मला थोबाच्या बाहीनं पुसलं.

‘‘अबू जवाद, उद्या नको. आधी आठ दिवस हे वापरा. फक्त घरात आणि मळ्यात. बाहेर न्यायचं नाही.’’

‘‘लाकूड? चोर हसून हसून मरेल, जमाल.’’

‘‘मेला तर बरंच. मग पिस्तूल लागणार नाही.’’

अबू जवाद मोठ्यानं हसले. मग म्हणाले, ‘‘शाहिदची आई हेच द्यायची ना सगळ्यांना?’’

‘‘हो.’’

‘‘मग दे. आठ दिवस. तिच्या शब्दाखातर.’’

पहिले तीन दिवस ठीक गेले. अबू जवाद मला काखेत घेऊन मळाभर हिंडले, आरशासमोर उभे राहिले, बायकोच्या नकळत. तिला त्यांनी सांगितलंच नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी ते पिकअप घेऊन विहिरीवर गेले. सीटबेल्टखाली मी त्यांना टोचत होतो, म्हणून त्यांनी मला काढून दाराच्या कप्प्यात ठेवलं. परत आल्यावर फोन वाजला, आणि ते बोलत बोलत घरात गेले. मी कप्प्यातच राहिलो.

मित्रांनो, ते बेपर्वा नव्हते. ते फक्त फोनवर बोलत होते.

थोड्या वेळानं त्यांची मुलगी बतूल पाण्याची बाटली शोधत पिकअपमध्ये चढली. ती सहा वर्षांची आहे. तिनं मला पाहिलं. दोन्ही हातांनी उचललं, कारण मी जड आहे. मग मला पोटाशी धरून ती स्वयंपाकघराच्या दारात गेली. आई ओट्यावर मासळी साफ करत होती.

‘‘मम्मा, हात वर!’’ बतूल म्हणाली आणि हसली.

आई वळली. तिच्या हातातली सुरी खाली पडली. तिला मी लाकडाचा आहे हे कसं माहीत असणार? तिनं खरंच दोन्ही हात वर केले. बतूलला वाटलं, आई खेळतेय. तिनं माझ्या चापावर बोट ठेवलं आणि दाबलं. हललं नाही, म्हणून दुसरं बोट लावून दाबलं. मग तिनं माझी नळी स्वतःच्या तोंडाकडे वळवली आणि आत काय आहे ते एक डोळा मिटून बघू लागली.

तेवढ्यात अबू जवाद आले. मी लाकडाचा आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्या क्षणी तेही विसरले. त्यांनी झडप घालून मला हिसकावलं आणि मुलीला छातीशी आवळलं. मग त्यांच्या हाताला माझ्या लाकडाची शीर लागली. ते तिथेच फरशीवर बसले.

‘‘लाकूड आहे,’’ ते म्हणाले. ‘‘लाकूड आहे गं. लाकूडच आहे. जमालनं आठ दिवस वापरून बघायला दिलंय.’’

बायकोनं मला त्यांच्या हातातून घेतलं, ओट्यावर आपटून बघितलं, आणि मग ती रडू लागली. रडता रडता म्हणाली, ‘‘आठ दिवस पुरे करायचेत का अजून?’’

‘‘नाही. खलास,’’ अबू जवाद म्हणाले.

बतूलनं विचारलं, ‘‘मी जिंकले का?’’

दोघंही इतके हसले, की तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून दुकानात आणलं आणि घडलेलं सगळं सांगितलं. ‘‘विहिरीला लोखंडी दार बसवतोय, दिवे लावतोय. बतूल घरात आहे तोवर पिस्तूल नको. पट्टा शिवू नकोस, जमाल.’’

ते गेले. जमालुद्दीन म्हणाले, ‘‘हनीफ, मी आरी उचलली होती रे. तू बोलला नसतास तर त्या कप्प्यात खरं असतं.’’

‘‘पण नव्हतं ना? मग झालं. पोर घरी खेळतेय.’’

‘‘खेळतेय,’’ जमालुद्दीन म्हणाले. त्यांनी एक लांब श्वास सोडला. वर्षभर कुठेतरी अडकलेला होता तो. मग ते म्हणाले, ‘‘या वेळी वेळेवर झालं.’’ आणि हनीफना जेवायला घेऊन घरी गेले. त्या दिवशी भात उरला नाही, असं संध्याकाळी हनीफ सांगत होते.

आता मी खणात नसतो. दारासमोर खिळ्याला टांगलेला असतो, आणि पट्टा मागणाऱ्याला आधी मला घरी न्यावं लागतं, मग तो कोणीही असो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कधी कुठे पिस्तूल दिसलं, गाडीत, कपाटात, उशीखाली, तर हात लावू नका. खरं की खोटं ते बघायलाही जवळ जाऊ नका. बतूलला ते कळलं नाही, तिच्या आईलाही कळलं नाही, तुम्हालाही कळणार नाही. तिथून निघा आणि मोठ्या माणसाला सांगा. आणि तुमच्या घरातल्या कोणाला ते घ्यायचंच असेल, तर त्यांना विचारा, की अंगावरून काढल्यावर ते कुठे ठेवणार. उत्तर यायला वेळ लागला, तर अजून ते घेऊ नका म्हणावं. रागावले तरी म्हणा.

मी लाकडाचा होतो, म्हणून बतूल आज शाळेत गेली आहे.