शिंगांना विटलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. गळ्यात अडकवायची, दोन नळ्यांची नव्हे. मला एकच नळी आणि एकच डोळा आहे, आणि उभे राहायला तिपाई लागते. तिपाईसकट माझे वजन चार किलो भरते. माझे आयुष्य डोंगरांत आणि रानमेंढ्यांच्या मागावर गेले, असे सांगितले की ऐकणाऱ्याला ते मोठे मौजेचे वाटते. खरे सांगू? त्यातली वीस वर्षे आठवली की मला शिसारी येते.

माझी भिंगे एका कारखान्यात घासली गेली. घासणारी बाई फार सावकाश काम करायची. भिंग दिव्यासमोर धरायची, मान हलवायची आणि पुन्हा घासायला घ्यायची. तिच्या शेजारच्यांची टोपली भरली तरी तिची अर्धीच असायची. माझ्यात आज जी काही नजर उरली आहे, ती त्या बाईच्या हट्टामुळे.

मला अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या हाल्व्हर ट्वेट नावाच्या टपालवाल्याने विकत घेतले. त्याच्या उजव्या खिशात मऊ सुती कापड असायचे. ते फक्त माझ्यासाठी होते. नाक पुसायला डाव्या खिशात वेगळे. समोरच्या कड्यांवर मेंढ्यांचा कळप उतरला की शेजारीपाजारी माझ्यापुढे रांग लावत. "हाल्व्हर, हिच्यातून तर पापण्या मोजता येतात की रे!" असे कोणी म्हणाले की मला माझ्या नळीत ऊब आल्यासारखे वाटे.

हाल्व्हर वारला आणि मी त्याचा मुलगा कर्टिस याच्या हाती पडले.

कर्टिस वाटाड्या झाला होता. दूरदूरचे पैसेवाले शिकारी त्याच्याकडे येत आणि तो त्यांना मोठ्या शिंगांचा मेंढा दाखवी. त्याच्या खालच्या ओठात कायम तंबाखूचा बार असे. माझी काच धुरकटली की तो तिच्यावर थुंके आणि हातमोज्याने खसाखसा घासे. हातमोज्याला वाळू, घोड्याची लीद, माशांचे खवले, जे काही त्या दिवशी असेल ते असे. मित्रांनो, भिंगावर एक अतिशय पातळ लेप असतो. तो वाळूने ओरखडला की पुन्हा येत नाही.

त्याला माझ्यातून काय पाहायचे असे? फक्त शिंगे. तो माझे कडे फिरवून मला थेट साठपटीवर नेई. दुपारी तापलेल्या हवेतून साठपटीने पाहिले तर चित्र मोठे होते, पण उकळत्या पाण्यासारखे थरथरते. त्याचे त्याला काही नसे. "छत्तीस इंच! सदतीस!" तो कुजबुजे, आणि पाहुण्याचे श्वास वाढत. त्या शिंगांखाली एक जनावर आहे, ते लंगडते आहे की खोकते आहे, याच्याशी दोघांना कर्तव्य नसे.

एका सप्टेंबरात त्यांनी असाच एक मेंढा पाडला. मुंडके आणि कातडी मिठात घातली. मांस पिशव्यांत भरून गाडीच्या मागच्या हौद्यात, माझ्या शेजारी टाकले. मग दोन दिवस त्यांची शिंगांबरोबर छायाचित्रे काढणे आणि दारूच्या गुत्त्यात पुन्हा पुन्हा फीत लावून मोजणे चालू होते. ऊन कडक होते. तिसऱ्या दिवशी पिशव्या हिरवट झाल्या. कर्टिसने नाकाला रुमाल लावला आणि त्या खडीच्या खाणीमागच्या खड्ड्यात लोटून दिल्या. माझ्या पेटीच्या अस्तरात तो वास महिनोन् महिने राहिला. मला नाक नाही, तरी सांगते, राहिला.

पुढे कर्टिसने नवी दुर्बीण घेतली आणि मला गॅरेजमध्ये गळाच्या किड्यांच्या डब्याखाली टाकले. माझ्या पेटीत उंदरांनी घर केले. त्यांच्या लेंड्या माझ्या कड्याच्या खाचेत गेल्या. ती वर्षे मी तुम्हाला सांगत बसत नाही.

मग एका जूनमध्ये कर्टिसची मोठी बहीण डॅग्नी गॅरेजमध्ये आली. ती दवाखान्यात रक्त तपासण्याचे काम करी. वय एकसष्ट. डावा गुडघा कामातून गेलेला. तो हिवाळ्यात बदलायचा ठरला होता, आणि त्यानंतर कड्यांवर चढायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिने हरणे मारली होती, पण रानमेंढी कधीच नाही, कारण त्यासाठी सरकारी सोडतीत परवाना लागावा लागतो.

"कर्ट, लागला!" ती म्हणाली.

कर्टिसच्या हातातला पाना थांबला. "मेंढ्याचा?"

"मेंढीचा."

कर्टिस इतका हसला की त्याला बार थुंकावा लागला. "अगं डॅग, एकतीस वर्षं सोडतीत नाव टाकतेयस आणि लागली काय, तर मेंढी! भिंतीवर काय लावणार आहेस? शेपूट?"

"मी खाणार आहे."

"खायला दुकानात मिळतं की."

"तुला दुकानातलंच माहीत. रानातलं तू खड्ड्यात टाकतोस."

तो पुन्हा पाना फिरवू लागला. तिने बाबांची दुर्बीण मागितली. "ती होय? घेऊन जा. पण आधी उंदरांना विचार हं," तो म्हणाला.

डॅग्नीने घरी नेऊन आधी माझ्यावर फक्त हवा फुंकली, मग मऊ ब्रशने धूळ काढली, आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाची भिंगे पुसतात तसे दोन थेंब स्पिरिट टाकून आतून बाहेर गोल पुसले. ओरखडे गेले नाहीत. पण मला पुन्हा दिसू लागले.

सप्टेंबरात आम्ही निघालो. कर्टिसही आला, एकट्या बहिणीला कसे सोडू, म्हणाला. त्याच्याकडे एकच दिवस होता, दुसऱ्या दिवशी त्याचे गिऱ्हाईक येणार होते. दहाच्या सुमारास पलीकडच्या उतारावर सहा जनावरे दिसली. चार मोठी आणि दोन कोकरे.

कायद्याने डॅग्नी कोणतीही मेंढी मारू शकत होती. पण कोकरू पायाशी असलेली मारायची नाही, असे तिने स्वतःशी ठरवले होते. दोन मेंढ्यांमागे कोकरे होती. एक मोठे जनावर खडकाआड बसले होते. चौथे मोकळ्यावर, बंदुकीच्या टप्प्यात, आडवे उभे होते.

"ती बघ. एकटी, कोकरू नाही, सहा इंचांची शिंगं," कर्टिस म्हणाला. "टाक."

डॅग्नीने मला साठवरून तिसावर आणले. चित्र लहान झाले, पण स्थिर झाले. पाहताना तिने दुसरा डोळा मिटला नाही. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात पाहणाऱ्यांची ती सवय असते.

"शिंगाचा बुंधा जाड वाटतोय मला. दीड वर्षाचा मेंढा असू शकतो."

"मेंढा असता तर मला कळलं नसतं? तीस वर्षं मेंढे बघतोय मी!"

"मोठे मेंढे बघतोयस."

"मग आता काय, जाऊन विचारायचं तिला?"

"थांबायचं. मुतेपर्यंत."

"काय?"

"मेंढी मागचे पाय दुमडून, खाली बसून मुतते. मेंढा उभ्यानं."

मेंढीच्या परवान्यावर मेंढा पडला असता तर मांस जप्त झाले असते, दंड झाला असता, आणि डॅग्नीची रानमेंढीची ही एकुलती एक संधी वाया गेली असती. कर्टिसला ते माहीत होते. पण त्याला उशीर होत होता. त्याने मला आपल्याकडे ओढले, साठपटीवर नेले आणि चार क्षण पाहिले. तंबाखूचा एक तपकिरी ओघळ माझ्या डोळ्याच्या रबरावर पडला.

"मेंढीच आहे. बापाची शपथ. टाक आता!"

"बापाला मध्ये आणू नकोस." तिने ओघळ पुसला आणि मला पुन्हा तिसावर आणले.

एक तास चाळीस मिनिटे गेली. कर्टिस घड्याळ पाही, दगड भिरकावी, आणि बहीण जनावराच्या मुतण्याची वाट पाहत बसली आहे हे गावात सांगितले तर लोक काय म्हणतील, हे मोठ्याने बोलून दाखवी. डॅग्नीचा डोळा माझ्यावरच होता. तिचा गुडघा दगडावर टेकला होता आणि थरथरत होता, ते मला तिपाईतून कळत होते.

मग ते जनावर दोन पावले पुढे आले, थांबले आणि लघवी करू लागले. मागचे पाय सरळ होते. धार पोटाच्या मध्यापासून पडत होती.

"बघ," डॅग्नी म्हणाली.

कर्टिसने पाहिले. बराच वेळ पाहिले.

"वाऱ्यामुळे तसं दिसलं," तो म्हणाला.

मित्रांनो, थुंकी मी सोसली होती, सडके मांस सोसले होते, उंदीरही. पण त्या एका वाक्याची मला जेवढी किळस आली, तेवढी कशाचीच आली नव्हती. तीस वर्षे मेंढ्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला मेंढी ओळखता येत नव्हती, आणि ते कळल्यावरही त्याने दोष वाऱ्याला दिला.

तीन वाजता तो गिऱ्हाइकासाठी उतरून गेला. डॅग्नीने तिथेच छोटा तंबू ठोकला.

दुसऱ्या सकाळी खडकाआड बसलेली ती मेंढी उठून चरायला लागली. डॅग्नीने तिच्यावर मला दोन तास रोखून ठेवले. कोणतेही कोकरू तिच्याकडे आले नाही. नऊ वाजता तिने मागचे पाय दुमडले आणि खाली बसून लघवी केली. डॅग्नीने ते वहीत वेळेसकट लिहिले, आणि मग बंदूक उचलली. एकच गोळी लागली. मेंढी चार पावले चालली आणि आडवी झाली.

डॅग्नी तिच्यापाशी पोचली तेव्हा तिने आधी ओठ वर करून दात पाहिले. ते म्हातारपणाने झिजून हिरडीला लागले होते. "बरं, बाई," ती मेंढीला म्हणाली, आणि कामाला लागली. ऊन चढायच्या आत तिने हाडांपासून मांस सोडवले, सावलीत कापडाच्या पिशव्यांत टांगून गार केले. काळीज वेगळे बांधले. मानेचे, बरगड्यांमधले, सगळे घेतले.

मग तिने पाठीवरची पिशवी उचलून पाहिली आणि खाली ठेवली. मांस अठरा किलो होते. त्या गुडघ्याला सगळे एका खेपेत जमणार नव्हते. काहीतरी मागे ठेवावे लागणार होते. तिने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता मांसातले थोडे कमी करील. कर्टिसने तेच केले असते. मी आणि शिंगे आधी, बाकी मग कधीतरी.

तिने मला पेटीत घातले आणि तंबूबरोबर एका कपारीत सरकवले. "थांब इथं. मांस थांबत नाही," ती म्हणाली.

त्या रात्री बर्फ पडला. ओल माझ्या नळीत शिरली आणि माझ्या नजरेच्या एका कोपऱ्यात कायमचे धुके बसले. मला आयुष्यात अनेकदा टाकून दिले गेले होते. पण या वेळी मला राग आला नाही. मी खाण्याची वस्तू नाही, मेंढी होती. चौथ्या दिवशी डॅग्नी लंगडत वर आली आणि मला घेऊन गेली.

आता मी तिच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत असते. परवा कर्टिस जेवायला आला होता. मेंढीची मांडी, कांदा आणि बटाटे घालून तिने भट्टीत भाजली होती. त्याने तीनदा वाढून घेतले, बोटे चाटली आणि विचारले, "शिंगं किती भरली गं?"

"मोजली नाहीत," डॅग्नी म्हणाली.

"मोजलीच नाहीस?" त्याला खरोखर आश्चर्य वाटले होते. माझ्यावर झाकण होते, याचे मला बरे वाटले.

तर मित्रांनो, तुमच्या घरी कोणाची जुनी दुर्बीण, चष्मा, भिंग असेल, तर त्याच्यावर थुंकू नका. आधी फुंका, मग मऊ कापडाने पुसा. आणि त्यातून एखादे जिवंत जनावर दिसलेच, तर त्याच्या डोक्यावरच नजर अडकवून बसू नका. ते काय करते आहे ते पाहा. तासभर लागला तर लागू द्या. तेवढे थांबता येत नसेल, तर माझी एकच विनंती आहे: बंदूक दुसऱ्याच्या हाती द्या आणि घरी जा.