फोटोपुरतं पाळणाघर

मुकादमाच्या बायकोने भिंतीवरचं कागदी हत्तीचं चित्र नखाने उचकटलं, तशी त्याच्याबरोबर ओल्या रंगाची पट्टीही निघून आली.

"राहू दे गं ते," मुकादम दारातून ओरडला. "सतरंजी उचल, खेळणी भर आणि चल. सिमेंटचा ट्रक आलाय. पोती इथंच लावायचीत."

ही खोली मुळात सिमेंटचं गोदामच. पण काल कर्ज देणाऱ्या बँकेची माणसं बांधकाम बघायला यायची होती. धूळ किती उडते, राडारोडा कुठे टाकता, मजुरांच्या पोरांची सोय काय, सगळं तपासूनच पुढचं कर्ज. मग काय, लग्नघाई! पोती हलवली, भिंती रंगवल्या, घरची खेळणी आणली आणि मुकादमाने बायकोलाच पाळणाघराची ताई करून बसवलं. तिने गाणी म्हटली, पोरं खिदळली, बँकेच्या पाहुण्या बाईंनी फोटो काढले. शेरा झकास मिळाला. गरज सरो, वैद्य मरो!

तिने सतरंजी गुंडाळली, खेळण्यांचं गाठोडं बांधलं आणि वर पाहिलं. विटा वाहणारी बाई दारात उभी होती. कडेवरच्या पोरीला तिने न्हाऊ घालून, केस विंचरून आणलं होतं.

"उशीर झाला हो, ताई. मोठीला शाळेत सोडून आले."

"शाळेत?"

"हिला सांभाळायला घरी बसायची ना ती. काल तुमच्याकडे ही इतकी रमली, म्हटलं आता मोठीचं नुकसान कशाला? नाचत गेली बघा."

मुकादमाच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. पाळणाघर कालच्यापुरतंच होतं, हे या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सांग तिला," मुकादम हळूच म्हणाला.

"तुम्ही सांगा की. आता का दातखीळ बसली?"

तो चपलेने जमीन उकरत राहिला. मागे हमाल पोतं पाठीवर घेऊन खोळंबला होता.

"मुकादम, टाकू कुठं? पाठ मोडली माझी!"

"काय झालं, ताई?" बाईने विचारलं.

पोरीने ओळखीने दोन्ही हात पुढे केले. मुकादमाच्या बायकोने तिला घेतलं. कालच्या नाटकाची तिला इतकी लाज वाटली, की त्या आईकडे बघवेना. खाली बघतच तिने विचारलं,

"मोठीची शाळा... रोज असते ना?"

आई हसली.

"असं काय विचारता, ताई? रोजच की."

मुकादमाच्या बायकोने पायाने सतरंजी पुन्हा पसरली आणि पोरीला घेऊन मधोमध बसली.